सेनापतीची कढई आणि म्हातारीची होडी

शामकांतकाका जहाजावर चीफ इंजिनिअर होते, आणि जहाजावरच्या माणसांना एक सवय असते. कुठलीही वस्तू ते नुसती ठेवत नाहीत, जखडून टाकतात. मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्ही टेबलाला बोल्टने बसवलेला होता आणि देव्हारा भिंतीला. ओट्याच्या कडेने पितळी पट्टी होती, समुद्र खवळला तर मिसळणाचा डबा घसरून पडू नये म्हणून. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहत होतो. खिडकीतून समुद्र दिसायचा, नांगर टाकून पडलेल्या जहाजांसकट, पण तो वर येऊन आमचा ओटा हलवण्याची शक्यता मला कमी वाटत होती.

मी काकांची पुतणी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून १९९६ साली पुण्याहून सिंगापूरला आले, बुओना विस्ताजवळच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागले आणि त्यांच्याकडे राहू लागले. काका घरात क्वचित असायचे. सुमित्राकाकू कायम. शिवाय अकरा वर्षांची रश्मी होती. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीतच, फक्त शेवटी सिंगापुरी 'लाह' लावून.

हॉलच्या मोठ्या भिंतीवर एक चिनी कविता होती. काकांचं जहाज एकदा चीनच्या एका बंदरात दुरुस्तीसाठी थांबलं होतं, तेव्हा त्यांनी ती यार्डाच्या फाटकाबाहेरच्या दुकानातून आणली. दुकानदाराला इंग्रजी येत नव्हतं आणि काकांना चिनी. काकांनी हात जोडून 'शुभ' दाखवलं, डोक्यावर छप्पर करून 'घर' दाखवलं, आणि आपला व्यवसायही त्यात यावा म्हणून दुकानात बसकण मारून वल्ही मारून दाखवली. दुकानदाराने बराच विचार केला आणि आतून ही काढून आणली. काळ्या शाईतल्या सहा उभ्या ओळी, अगदी डावीकडे बारीक अक्षरांची एक ओळ आणि लाल शिक्का. काकांनी जहाजाच्या वर्कशॉपमध्ये तिच्यासाठी स्टेनलेस स्टीलची चौकट बनवली आणि सुट्टीवर आल्यावर आठ बोल्ट आणि इंजिनाच्या पायाखाली ओततात ते इपॉक्सी वापरून ती भिंतीत बसवली.

"फ्लॅट भाड्याचा आहे," काकू म्हणाली होती. "मालकाला काय सांगणार?"

"सांगू, बिल्डिंग पडली तरी एवढी भिंत राहील तुम्हाला."

त्या वर्षी काकांना किनाऱ्यावरची नोकरी मिळण्याची शक्यता निर्माण झाली. कंपनीच्या सिंगापूर ऑफिसात सुपरिंटेंडंटची जागा रिकामी झाली होती. जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करायची आणि संध्याकाळी घरी यायचं. काकूने या जागेसाठी संकष्ट्या धरल्या होत्या. रश्मीला पोहायला काकूने शिकवलं होतं, सायकलही तिनेच शिकवली होती, आणि दाताच्या डॉक्टरकडे रश्मीचे दोन्ही हात धरून तीच बसली होती. काका त्या वेळी हिंदी महासागरातून फोनवर सूचना देत होते. "मला आता सूचना नकोत, माणूस पाहिजे," असं काकू मला म्हणाली. एवढं सरळ ती काकांना कधी म्हणाली नसावी.

जागा कुणाला द्यायची ते मिस्टर क्वेक ठरवणार होते. ते कंपनीचे फ्लीट मॅनेजर, साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. त्यांची एक पद्धत होती. ऑफिसातली मुलाखत झाली की ते उमेदवाराच्या घरी जेवायला जायचे.

"का म्हणे?" काकूने विचारलं.

"माणूस घरी कसा बसतो ते बघतात. याआधी चार चीफ इंजिनिअर घेतले त्यांनी ऑफिसात. चौघेही वर्षाच्या आत कंटाळून परत समुद्रावर पळाले."

"मग तुम्ही नीट बसा."

"बसतो की. पण सुमित्रा, एक झालंय." काका जरा थांबले. "बोलता बोलता मी म्हटलं, माझ्या हॉलमध्ये एक उत्तम चिनी कविता आहे. तर ते एकदम माझ्याकडे बघायला लागले. एवढा वेळ इंजिनांबद्दल बोलत होतो, तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, कुठली?"

"मग?"

"मी म्हटलं, आल्यावर बघालच."

"आणि आहे कुठली?" काकूने विचारलं.

काकांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अनघा, तू संशोधनच करतेस ना?"

शनिवारी जेवण होतं. मी सोमवारी कामाला लागले.

चौकट निघणार नव्हती. त्या इपॉक्सीबद्दल मला शंकाच नव्हती, कारण मी चिकटद्रव्यांवरच काम करते. ते काढायचं तर भिंतही काढावी लागली असती. म्हणून मी स्टुलावर उभी राहून आलेखाच्या कागदावर ती कविता उतरवून घेतली. एका चौकोनात एक अक्षर, प्रत्येक रेघ मोजून. उभ्या ओळी वाचायला अवघड जातील म्हणून मी त्या आडव्या मांडल्या आणि क्रमांक घातले. डावीकडची बारीक ओळ शीर्षकासारखी वाटली, ती सगळ्यांत वर लिहिली. खाली एक ते सहा. काम स्वच्छ झालं होतं.

प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर हुई मिन नावाची मुलगी काम करायची. तिचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं होतं. शाळेत चिनी भाषेत आपण कशाबशा पास झालो, असं ती अभिमानाने सांगायची. दुपारी हॉकर सेंटरमध्ये चिकन राइसची प्लेट बाजूला सारून तिने माझा कागद पुढे घेतला.

"हे कुणाकडचं?"

"काकांच्या हॉलमधलं. शुभ आहे का?"

हुई मिनने बारीक ओळ वाचली आणि आवाज खाली आणला. "ही चीनच्या कम्युनिस्ट क्रांतीच्या युद्धातली कविता आहे. नदी ओलांडण्याच्या आदल्या दिवशी काठावर लिहिली, असं म्हटलंय. कुणा सैनिकाने." तिने आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या टेबलावर एक आजोबा नूडल्स खात होते. "माझ्या आजोबांच्या काळात असलं घरात ठेवलं असतं तर पोलीस आले असते. आता काही होत नाही. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे किती?"

"तू सगळ्याचे आकडे का मागतेस?" ती म्हणाली आणि वाचू लागली.

तिला काही ओळी सहज कळल्या आणि दोन ठिकाणी ती खूश झाली, कारण ते दाखले तिच्या शाळेच्या पुस्तकात होते. पहिला दाखला एका प्राचीन राजाचा. तो लढाई हरला, शत्रूच्या तबेल्यात चाकरी करून सुटला, आणि घरी आल्यावर गादी टाकून लाकडांच्या मोळ्यांवर झोपायला लागला. छताला त्याने प्राण्याचं पित्ताशय टांगलं होतं. रोज ते जिभेला लावायचा, अपमानाची चव विसरू नये म्हणून. दुसरा दाखला एका सेनापतीचा. त्याने सैन्य नदीपार नेलं आणि मग स्वैपाकाच्या कढया फोडायला आणि होड्या बुडवायला लावल्या. आता मागे फिरायची सोयच नाही. जिंकलात तर शत्रूच्या कढईत जेवाल.

"हे आमच्याकडेही आहे," मी म्हणाले. आणि तिला सिंहगडाची गोष्ट सांगितली. तानाजी पडला, मावळे मागे पळायला लागले, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापून टाकले. अजून आम्ही म्हणतो, परतीचे दोर कापले.

"सेम सेम," हुई मिन म्हणाली. "पण तुमच्यात कढया फोडल्या नाहीत."

"गडावर स्वैपाक करायला वेळ नव्हता."

तिने सगळ्या ओळींचा इंग्रजी अर्थ माझ्या कागदावर समोरासमोर लिहून दिला. "जरा विचित्र कविता आहे," ती म्हणाली. "चिनी भाषेत क्रियापदाला काळ नसतो, त्यामुळे कधी काय झालं ते ओळींच्या क्रमावरूनच समजायचं. पण अशीच असतात या क्रांतीच्या कविता. शेवटी सगळं फोडतात."

संध्याकाळी मी घरी हॉलमध्ये वाचन केलं. काका सोफ्यावर, काकू डाळ निवडत, रश्मी जमिनीवर गृहपाठ करत.

"एक. पलीकडे पोचलो की होडी परत पाठवू. दोन. होडी म्हातारीची आहे, सकाळी परत दे म्हणाली. तीन. आमच्या आचाऱ्याचं जेवण रोज पित्तासारखं कडू. चार. आमच्या कढईला आधीच भोक आहे. पाच. राजाने पित्त चाटून अपमान जागता ठेवला. सहा. सेनापतीने कढया फोडल्या, होड्या बुडवल्या."

काकांनी सोफ्यावरूनच भिंतीकडे पाहिलं.

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "एका म्हातारीची होडी परत देतो सांगून नेली. मग जेवण वाईट मिळालं."

"हो."

"त्याचा अपमान वाटला."

"क्रमावरून तसंच दिसतं."

"आणि त्या रागात होडी बुडवून टाकली. म्हातारीची."

"सगळ्याच," मी म्हणाले. "अनेकवचन आहे."

काका उठून भिंतीपाशी गेले. "म्हणजे मी शिपिंग कंपनीच्या माणसाला घरी जेवायला बोलावतोय, आणि त्याच्या समोरच्या भिंतीवर आठ बोल्ट मारून लिहून ठेवलंय, की जेवण बिघडलं तर आम्ही जहाजं बुडवतो."

"आणि म्हातारीला फसवतो," काकू म्हणाली.

"इट्स अ कम्युनिस्ट पोएम लाह," रश्मी वहीतून डोकं न काढता म्हणाली. "पप्पा विल गो टु जेल."

"जेल नाही," काकू म्हणाली, पण डाळीतला तिचा हात थांबला. "इथे राहायचा पास रद्द होऊ शकतो का हो?"

"कवितेसाठी कुणी पास रद्द करत नाही," काका म्हणाले, आणि लगेच माझ्याकडे वळले. "करत नाही ना?"

उरलेला आठवडा उपाय शोधण्यात गेला. चौकट उघडायची तर काचेवरून चौफेर स्टीलची पट्टी होती आणि तीही इपॉक्सीने बंद. पाणी आत शिरू नये म्हणून, असं काकांचं म्हणणं. काकूने वर गणपतीचं कॅलेंडर लावून पाहिलं, पण दोन्ही बाजूंनी क्रांती दिसत राहिली. काका म्हणाले, अक्षरांवर काचेच्या बाहेरून थोडी थोडी शाई लावून अर्थ बदलता येईल का. मी हुई मिनला विचारलं. ती म्हणाली, एखादी रेघ वाढवली तर 'पित्त'च्या जागी काय होईल त्याची खात्री देता येत नाही, आहे ते बरं.

शेवटी काकूने लग्नातली सोलापुरी चादर काढली, लाल, मोरांची. ती बोल्टांच्या डोक्यांना दोऱ्याने बांधून चौकटीवर सोडली.

"भिंतीला चादर?" मी म्हणाले.

"आमच्याकडची हस्तकला आहे म्हणून सांगू," काका म्हणाले. "आणि कविता पॉलिशला दिलीय."

"कवितेला पॉलिश?"

"चौकटीला गं."

जेवणाचंही बदललं. काकूची भरली कारली जहाजावर प्रसिद्ध होती. सुट्टी संपली की काका डबा भरून न्यायचे. ती आता रद्द झाली. कडू काही नको. मेथी नको. काकांनी सोलकढीसुद्धा चाखून पाहिली, आंबट आणि कडू यांच्यातला फरक चिनी माणसाला कळतो का, असं विचारलं. "त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो," काकू म्हणाली. "तुम्ही स्वैपाकघरातून बाहेर व्हा." पण चार कारली तिने सवयीने भरून ठेवलीच होती, ती झाकून फ्रीजमध्ये मागे सरकवली. सगळ्या कढया बाथरूममध्ये गेल्या, कारण कढई दिसली की विषय निघेल, असं काकांना वाटत होतं.

आणि काकांनी एक वाक्य पाठ केलं. क्वेकसाहेब विचारणारच, तुम्हीही परत समुद्रावर जाल का. त्यावर सांगायचं, साहेब, मी परतीचे दोर कापलेत. मी त्याचं इंग्रजी करून दिलं. काका दाढी करताना, बूट पुसताना, लिफ्टची वाट बघताना ते म्हणत होते. ऐकून ऐकून रश्मी तेच वाक्य टूथब्रश तोंडात घालून म्हणायला लागली.

मिस्टर क्वेक संत्र्यांची पिशवी घेऊन आले. पांढरा हाफ शर्ट, बारीक अंग. बूट काढून त्यांनी ते भिंतीला समांतर ठेवले. सोफ्यावर बसले आणि समोर पाहिलं.

"चादर," ते म्हणाले.

"हस्तकला," काका म्हणाले. "सोलापूर."

"छान आहे. कविता कुठे?"

"पॉलिशला."

मिस्टर क्वेकनी मान हलवली. खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "पंखा जरा वाढवता का?"

पंखा एकवर होता, आणि एकवर असताना चादर शांत होती. काकांनी रेग्युलेटर दोनवर केला. चादरीचं खालचं टोक हललं. काकांनी पुन्हा एकवर आणला. मिस्टर क्वेकनी पुन्हा रुमाल काढला.

"पप्पा, अंकल इज स्वेटिंग," रश्मी म्हणाली आणि उठून तीनवर करून आली.

"जास्त वारा बरा नाही," काका म्हणाले आणि दोनवर आणला. मग दोघंही रेग्युलेटरपाशी उभे राहिले. बाहेरून बघणाऱ्याला तो एखादा खेळ वाटला असता.

"जेवायला बसू या," काकू मोठ्याने म्हणाली.

मसालेभात झाला, अळूवड्या झाल्या. मिस्टर क्वेक सगळं थोडं थोडं आणि लक्ष देऊन खात होते. मग त्यांनी चमचा ठेवला. "चीफ, तुमच्या जहाजाचा कॅप्टन मला म्हणाला होता, तुमची मिसेस कारली फार चांगली करते. मला कारलं आवडतं. म्हणून दुपारी मी फारसं जेवलो नाही."

काकूने काकांकडे ज्या नजरेने पाहिलं ती पाहून मी पाणी प्याले. ती आत गेली. बाथरूमचं दार उघडल्याचा आवाज आला, मग कढईचा, मग तेलाचा. पाहुण्याला हा क्रम कळला नसावा अशी मी आशा केली. तेलाच्या धुराने घर भरलं आणि रश्मीने, कुणी काही सांगायच्या आत, पंखा पाचवर केला.

काका चादरीकडे धावले. ते पोचले आणि दोरे तुटले, एकाच क्षणी. चादर त्यांच्या डोक्यावरून अंगभर पडली. दोन्ही खांद्यांवर एकेक मोर घेऊन काका भिंतीसमोर उभे होते, आणि त्यांच्या मागे, वर, सहा ओळींची क्रांती.

मिस्टर क्वेक उठले. चष्मा वर सरकवला आणि भिंतीजवळ गेले.

"मिस्टर क्वेक," चादरीतून काकांचा आवाज आला, "आमच्या घरात कुणी कम्युनिस्ट नाही. सुमित्रा तर दर वर्षी सत्यनारायण करते."

मिस्टर क्वेक वाचत होते. त्यांचे डोळे अगदी उजवीकडच्या ओळीवरून सुरू झाले, वरून खाली आले आणि डावीकडे सरकले. मी मनातल्या मनात माझा आलेखाचा कागद आठवला, आणि त्यावरचे ते सुबक एक ते सहा.

तिसऱ्या ओळीला ते हसले. आवाज न करता, खांदे हलवत. चौथीला भिंतीला हात टेकला. शेवटी बारीक अक्षरांपर्यंत पोचले तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ऑफिसात मिस्टर क्वेकना हसताना कुणी पाहिलेलं नाही, असं काका नंतर म्हणाले. पण त्या वेळी ते चादरीत होते, त्यामुळे त्यांना वाटलं पाहुणे रडताहेत.

"सर, मी काढून टाकतो," ते म्हणाले. "भिंत पाडावी लागेल, पण काढतो."

"का काढायची?" मिस्टर क्वेकनी विचारलं. "तुम्हाला कुणी वाचून दाखवली की नाही?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद आणून दिला. त्यांनी तो पाहिला, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "तुम्ही कुठून सुरुवात केलीत?"

"डावीकडून," मी म्हणाले. "आलेखात तसंच असतं."

"एम.एस्सी. झाली आहे," काकू कढई हातात घेऊन दारातून म्हणाली, मराठीत, कुणाकडेही न बघता.

मिस्टर क्वेकनी माझा कागद उलट्या क्रमाने घेतला, म्हणजे सहावरून एककडे, आणि इंग्रजीत वाचला. ऐकताना ती दुसरीच कविता होती. सेनापतीने कढया फोडल्या, होड्या बुडवल्या. राजाने पित्त चाटून अपमान जागता ठेवला. आमच्या कढईला आधीच भोक आहे. आमच्या आचाऱ्याचं जेवण रोज पित्तासारखं कडू. होडी म्हातारीची आहे, सकाळी परत दे म्हणाली. पलीकडे पोचलो की होडी परत पाठवू.

"बघा," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते सलग बोलले. "मी चिनी शाळेत शिकलो. आम्हाला युद्धाच्या कविता पाठ असायच्या. प्रत्येक कवीला आपण तो सेनापती वाटायचा, नाहीतर तो राजा. सगळे पित्त चाटायचे, सगळे होड्या बुडवायचे. हा पहिला माणूस म्हणतोय, सेनापतीने कढई फोडली, ठीक, माझी आधीच फुटलीय. राजा पित्त चाटतो, ठीक, मला रोज जेवणात मिळतं. आणि होडी कशी बुडवणार? माझी कुठे आहे?" त्यांनी बारीक ओळीवर बोट ठेवलं. "स्ट्रेचर उचलणारा होता. नाव लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी नदीवर गोळ्या चालणार, आणि याला म्हातारीची काळजी."

मला त्या क्षणी एक गोष्ट समजली, आणि ती मी सोमवारी हुई मिनलाही सांगितली. शोधनिबंधात आपण जुना निबंध उद्धृत करतो तो दर वेळी मान डोलावण्यासाठी नसतो. कधी कधी तो पहिल्या परिच्छेदात आणायचा असतो, म्हणजे पुढे सांगता येतं की आमच्याकडे तसं झालं नाही. दाखला कुठला ते मी शोधलं होतं. तो कुठे ठेवलाय ते पाहिलं नव्हतं.

काकांना विनोद समजावून सांगायला आणखी वेळ लागला. मिस्टर क्वेकनी तो तीनदा सांगितला. तिसऱ्यांदा काका हसले, पण मला वाटतं सभ्यता म्हणून.

कारली आली. मिस्टर क्वेक पुन्हा बसले, एक खाल्लं, डोळे मिटून दुसरं घेतलं. मग अगदी सहज म्हणाले, "चीफ, याआधी चार जण घेतले मी. चौघांच्याही घरी जेवलो. चौघांनीही सांगितलं, समुद्र संपला आमचा. एकाने तर हाच सेनापती सांगितला, कढया, होड्या, सगळं. वर्षाच्या आत गेला. तुम्ही काय करणार? बुडवणार होड्या?"

हीच ती वेळ होती. काकूने माझा हात टेबलाखाली धरला. रश्मीचे ओठ हलायला लागले, कारण तिलाही वाक्य पाठ होतं.

काकांनी खांद्यावरची चादर काढून घडी केली. घडीवर घडी घालत राहिले. "नाही, मिस्टर क्वेक," ते म्हणाले. "मी बुडवणार नाही."

काकूची पकड घट्ट झाली.

"एकोणीस वर्षं मला पगार मिळाला तो बोटी तरंगत्या ठेवायचा. बुडवतो असं खोटंसुद्धा बोलवत नाही. माझं जहाजावरचं सर्टिफिकेट मी चालू ठेवीन, दर वेळी नवं करून घेईन. ऑफिस मला जमेल का, मला माहीत नाही. कधी केलं नाही. घरात राहणंसुद्धा जमेल का माहीत नाही, तेही कधी केलं नाही. पण मला ते करून बघायचंय. ही पोरगी मला फोनवरच्या आवाजाने ओळखते. समोर आलो की बिचकते."

"नो, आय डोन्ट," रश्मी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "अ लिटल बिट."

काकूने माझा हात सोडला. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. बहुतेक सगळ्या संकष्ट्या वाया गेल्या असं तिला वाटत असावं, किंवा अजिबात वाटत नसावं.

मिस्टर क्वेकनी तिसरं कारलं संपवलं, चमचा ताटाच्या मधोमध ठेवला. "त्या चौघांवर मी विश्वास ठेवला होता," ते म्हणाले. "तुमच्यावर ठेवायची गरज पडत नाही. वर्षभर बघू. नाही जमलं तर जहाज देतो परत. या सोमवारी आठला."

जाताना त्यांनी काकूकडून कारल्यांची कृती विचारून घेतली, आणि कवितेसमोर पुन्हा एकदा उभे राहून पुन्हा एकदा खांदे हलवले.

सोमवारी काका टाय लावून, कोरे बूट घालून निघाले. काकूने हातावर दही-साखर ठेवली. दार लागलं. आम्ही चहा ओतून बसतोय तोवर बेल वाजली आणि काका दारात.

"विसरलात काही?"

"बस कुठली घ्यायची?" त्यांनी विचारलं. सुएझपासून पनामापर्यंत सगळीकडून गेलेला माणूस. सिंगापुरात मात्र त्यांना कंपनीची गाडी बंदरावरून आणायची आणि बंदरावर सोडायची; मुलाखतीलाही तीच आली होती.

मी त्यांना नंबर सांगितला, कुठे उतरायचं ते सांगितलं, घंटा दोन थांबे आधी नाही, एक थांबा आधी वाजवायची, हेही सांगितलं. काका मनातल्या मनात म्हणत दाराकडे वळले आणि पुन्हा थांबले.

"आणि परत कसं यायचं?"

"रस्ता ओलांडून समोर उभं राहायचं," काकू म्हणाली. "तोच नंबर येतो."